होटगी रोडला विमान आलं

अहो, ऐकलंत का? आमचे मंद्रूपचे भाऊजी विमानानं गोव्याला जाऊन आले! हो हो, तेच. कारखान्याची चिमणी वाचवायच्या मोर्चात डोक्याला टॉवेल बांधून पुढं होते ना, ते. जरा हळू बोला, जाऊबाई आल्यात, मागच्या दारी गवार निवडत बसल्यात. मी सांगितलं म्हणून कळलं तर माझी काही खैर नाही. या, जरा इकडं सावलीत सरका.

मला तर आधी खरंच वाटेना. ज्या माणसानं आमच्या ह्यांच्याशी विमानावरून सहा महिने धड बोलणं ठेवलं नाही, तो माणूस विमानात? पण बातमी पक्की आहे. कुणी सांगितली ते शेवटी सांगते, त्यातच तर खरी गंमत आहे.

आपल्या या सोलापूरच्या विमानतळावर इतकी वर्षं होतं काय, सांगा बघू. धावपट्टी होती, भिंत होती, आत गवत होतं. विमानाचा आवाज आला की समजायचं, कुणीतरी मोठं माणूस आलं. आषाढीला मुख्यमंत्री विठ्ठलाच्या पूजेला निघाले की इथं उतरायचे, आणि इथून गाड्यांचा ताफा पंढरपूरला. मग आपला रस्ता बंद, दूधवाला उशिरा, भाजीवाला तर नाहीच. कोपऱ्यावरच्या काकू त्या दिवशी गच्चीवर खुर्ची टाकून बसायच्या, कोण उतरलं ते बघायला. कोरोनात, २०२१ ला, उद्धव ठाकरे मुंबईपासून स्वतः गाडी चालवत पंढरपूरला गेले ना, तेव्हा काकूंचा चेहरा असा काही पडला! "मेला एवढा विमानतळ दिलाय, उतरायला काय होतं?" म्हणाल्या. जसं काही विमानतळ ह्यांच्याच अंगणात आहे. एरवी कुणा उद्योगपतीचं छोटं विमान, निवडणुका आल्या की हेलिकॉप्टरं. तुमच्या-माझ्यासाठी काही नाही.

मधे किंगफिशर आलं होतं, आठवतं? आमचे हे तेव्हा संध्याकाळचे उगीच स्कूटर काढायचे. कुठं चाललात विचारलं तर, "हवा भरून येतो." एवढी हवा कुठल्या टायरला लागते हो? लाल युनिफॉर्ममधल्या पोरी बघायला जायचे, दुसरं काय! पण ते विमान काही टिकलं नाही, आणि २०१२ ला तर ती अख्खी कंपनीच जमिनीवर आली. ह्यांची स्कूटरही मग घरात राहायला लागली.

तर काय सांगत होते... हां, आपला विमानतळ. खरं सांगू का, त्या विमानतळानं शेतकऱ्यासाठी आजवर काही केलं असेल तर ते ढगांचं. २०१८ आणि २०१९ ला पुण्याच्या हवामान संस्थेचे लोक आले होते ना, ते आयआयटीएमवाले? पावसाळ्यात इथूनच विमान उडवायचे. ढगापाशी जायचं, पंखाला लावलेल्या नळकांड्या पेटवायच्या आणि त्यातून कॅल्शियम क्लोराईडचा धूर सोडायचा. मिठासारखाच प्रकार तो, पाणी धरून ठेवतो, मग थेंब मोठे होतात आणि खाली येतात. आपला भाग पडला पर्जन्यछायेचा, ढग येतात नि टाटा करून जातात, म्हणून आपलीच निवड केली. आमचे रिटायर्ड पोस्टमास्तर काका म्हणायचे, "सरकारनं ढगाला फोडणी घातली बघा." पुढं २०२३ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला, ज्या ढगांवर प्रयोग झाला तिथं १८ टक्के पाऊस जास्त पडला म्हणून. मी मोठ्या उत्साहानं काकांना वाचून दाखवलं. काकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "कुणाच्या शेतात?"

आता यावर काय बोलायचं!

बरं, ते राहू द्या. मूळ भांडण सुरू झालं २०१७ ला. त्या 'उडान' विमान योजनेच्या पहिल्याच यादीत सोलापूरचं नाव आलं आणि आमच्या ह्यांनी पेढे वाटले. तुम्हालाही दिले होते की. आणि मग काय? नांदेडला उडालं. जळगावला उडालं. कोल्हापूरला उडालं. आपलं बसलंय ते बसलंयच. त्यात माझी विहीण कोल्हापूरची. लेकीचं सासर म्हणून मी ऐकून घ्यायची, पण दर फोनला तेच, "तुमच्याकडं अजून रेल्वेच का हो?" असा गोड आवाज काढायच्या की रिसीव्हरला मुंग्या लागाव्यात. वर आणखी, "आमच्याकडं राजाराम महाराजांनी १९३९ सालीच विमानतळ केला." म्हणलं, असू दे बाई, आमच्याकडं सिद्धेश्वर आहे.

आणि सिद्धेश्वरच तर आडवा आला! देव नव्हे हो, देवाच्या नावाचा साखर कारखाना. कुमठ्याचा. त्यांनी वीज तयार करायचा मोठा प्रकल्प घातला, ३८ मेगावॉटचा, आणि त्याला ९० मीटरची चिमणी उभी केली. ती नेमकी विमान उतरायच्या वाटेत. झालं. विमानवाले म्हणतात चिमणी काढा, कारखाना म्हणतो आमचा ऊस कुठं गाळायचा? कोर्टकचेऱ्या, नोटिसा, सुनावण्या... त्यात वर्षांमागून वर्षं गेली. इकडं शहरातले व्यापारी, डॉक्टर, चादरवाले पूनम गेटला साखळी उपोषणाला बसले. तिकडं सभासद शेतकऱ्यांचा मोर्चा. आणि आमच्या घरात तर दोन्ही पार्ट्या! हे इथं उपोषणवाल्यांना थर्मासमधून चहा नेऊन देणार, आणि ह्यांचे सख्खे मोठे भाऊ, म्हणजे हेच भाऊजी, तिकडं मोर्चात घोषणा देणार. उपोषण करणाऱ्याला चहा कसा चालतो, ते मला विचारू नका.

२०२३ ची संक्रांत मी कधी विसरणार नाही. गड्ड्याची जत्रा म्हणून सगळे आमच्याकडं आलेले. नंदीध्वज बघून आले, हातपाय धुतले, शेंगापोळ्या वाढल्या. आणि ह्यांना काय दुर्बुद्धी सुचली! म्हणाले, "दादा, पुढल्या संक्रांतीला विमानानं जाऊ तिरुपतीला."

भाऊजींनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. "आमच्या उसाच्या पैशावर बांधलेली चिमणी पाडून?"

"अहो, पण ती वाटेत आहे."

"एनटीपीसीची चिमणी तर ढगात गेलीय. ती चालते?"

"दादा, उंचीचं नाही, जागेचं आहे. विमान काय हेलिकॉप्टर आहे का, सरळ खाली यायला? लांबून तिरकं उतरत येतं. त्या पट्ट्यात काही नको असतं. त्याला फनेल म्हणतात."

हे फनेल म्हणले ते मोठ्या ऐटीत, जसं काही स्वतः उतरवून आलेत. मी स्वयंपाकघरातून खुणा करतेय, पुरे करा, पुरे करा. पण भाऊजी पेटले. "तुमचं फनेल तुमच्यापाशी. मग बोरामणीला का करत नाही विमानतळ? तिथं तर जमिनी घेऊन ठेवल्यात!"

आणि हो, हा मुद्दा त्यांचा अगदी खरा होता. खोटं कशाला बोलू? बोरामणीला मोठा, आंतरराष्ट्रीय विमानतळ करणार म्हणून गाजावाजा झाला, शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, पैसे वाटले. आणि मग अडलं कुठं? माळढोक पक्ष्यापाशी! मधला एक तुकडा वनखात्याचा निघाला, अभयारण्यातला. नान्नजचं ते अभयारण्य १९७९ सालचं, तेव्हा कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर धरलेलं. अहो, लोकांच्या घरादारासकट! लोक ओरडले तेव्हा ते कमी करून बाराशेच्या आसपास आणलं. एवढं सगळं ज्याच्यासाठी केलं तो पक्षी आता नावाला उरलाय. पंधरा-पंधरा किलोचा नर भरतो म्हणे, जगातल्या सगळ्यात जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. पोस्टमास्तर काका म्हणाले ते बरोबरच, सोलापुरात उडायचा हक्क फक्त त्यालाच, आणि तोही उडताना कुणाला दिसत नाही. मला मात्र त्या पक्ष्याची दया येते. त्याचं माळरान गेलं, उसानं खाल्लं, आणि वर दोष त्यालाच. पण हे मी भाऊजींसमोर बोलले नाही. तेवढी अक्कल आहे मला.

तर त्या संक्रांतीला भाऊजी अर्ध्या ताटावरून उठले. जाऊबाईंचा चेहरा एवढासा झाला. बिचाऱ्यांनी आणलेल्या तिळाच्या वड्यांचा डबाही उघडला नाही, तसाच परत नेला. मला वाईट वाटलं. वड्या चांगल्या असतात त्यांच्या.

आणि मग जून आला. १५ जून २०२३. तुम्ही तेव्हा मुलाकडं पुण्याला होतात, नाही का? काय चुकलं तुमचं, काय सांगू! सगळीकडं पोलीसच पोलीस. जमावबंदी लावलेली, कारखान्याच्या बाजूला कुणाला फिरकू देत नव्हते. आम्ही बायका आपापल्या गच्चीवर. ऊन मी म्हणतंय, पण कुणी हलायला तयार नाही. काकूंनी खुर्ची आणलेलीच. आणि मग... स्फोट केला म्हणतात, पण ती आधी नुसती थरथरल्यागत झाली, मग वाकली, आणि काही सेकंदांत गेली. नुसता धुरळा. खालच्या गल्लीत पोरांनी शिट्ट्या मारल्या. आमच्या ह्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. जाऊबाई. मी जिन्यात जाऊन उचलला. त्या एवढंच म्हणाल्या, "पडली का?" मी हो म्हणलं. मागं भाऊजींचा खोकला ऐकू आला, आणि फोन कट.

वर येऊन ह्यांना सांगितलं तर टाळ्या थांबल्या. रात्री जेवायला बसले, पण भाकरी एकच खाल्ली. मी काही बोलले नाही. कधी कधी न बोललेलं बरं असतं. तुम्ही हसू नका.

बरं, आता चिमणी पडली म्हणल्यावर दुसऱ्या दिवशी विमान यायला पाहिजे की नको? छे! धावपट्टी नीट करायची, भिंत उंच करायची, इमारत रंगवायची, परवाने आणायचे. २०२४ च्या सप्टेंबरात मोदी पुण्याला येणार, तिथूनच आपल्या विमानतळाचं उद्घाटन करणार ठरलं, तर २६ तारखेला पुण्यात असा पाऊस की कार्यक्रमच रद्द. शेवटी २९ तारखेला दिल्लीतून ऑनलाइन झालं. काकूंनी नवी चाकाची बॅग घेऊन ठेवलेली, निळी. उद्घाटन झालं, फीत कापली, फोटो आले, आणि विमान? विमानाचा पत्ता नाही! दिवाळी गेली, संक्रांत गेली, पाडवा गेला. काकू त्या बॅगेत लोकरीचे कपडे ठेवायला लागल्या. कुणामुळं विमान आलं याची पोस्टरं मात्र विमानाच्या कितीतरी आधी चौकात आली. एकेकाचे फोटो एवढे मोठे की मला वाटलं, आता तेच फनेलमध्ये येतील.

मग ९ जून २०२५ ला आलं एकदाचं. फ्लाय नाइन्टीवन, पंख्याचं विमान, एटीआर. आणि गेलं कुठं? गोव्याला! अहो, मागितली मुंबई, दिला गोवा. एवढी वर्षं उपोषण करणाऱ्या चादरवाल्यांचे चेहरे बघायला हवे होते. गोव्यात कोण घेणार सोलापुरी चादर? तिथं एवढा उकाडा. मुंबईचं सुरू झालं ते १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर. ती कंपनी स्टार एअर, कोल्हापूरकडच्या घोडावतांची. झालं, विहीणबाईंचा फोन! "बघा, शेवटी आमच्याकडच्या माणसालाच तुमच्याकडं विमान आणावं लागलं." मी म्हणलं, "हो ना, आणि जेट आहे हो, पंख्याचं नाही." तिकडं क्षणभर शांतता. मला रात्री छान झोप लागली.

तिकीट परवडावं म्हणून राज्य सरकार खुर्चीमागं कंपनीला पैसे देतंय म्हणे. म्हणजे काकू खुर्चीवर गच्चीत बसून जे बघतात, त्याचेही पैसे आपलेच. असो. आणि त्या समोरच्या साहेबांचं कळलं का? तिसरा मजला चढवणार होते, नकाशे काढले, मिस्त्री ठरवला, आता म्हणे आधी विमानतळाची एनओसी आणा. बायकोला म्हणाले, "उपोषणाला वर्गणी मीच दिली होती." गच्चीवरचे पतंगही बंद होणार म्हणून त्यांचा नातू रुसून बसलाय.

अय्या, भाऊजींचं राहिलंच! तर झालं असं. त्यांची धाकटी लेक गोव्यात असते, म्हापशाला, तिला मुलगी झाली. बारशाला जायचं. भाऊजींचं कंबरेचं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे, रात्रभर गाडीत बसवत नाही. जावयानं न विचारता विमानाची तिकिटं काढून पाठवली. दोन दिवस घरात चिडीचूप. तिसऱ्या दिवशी भाऊजी म्हणाले, "जावयाचा मान राखला पाहिजे." बघा कसं काढतात माणसं वाट!

जाऊबाईंनी कडक भाकरी, शेंगाचटणी, बाळाला झबली, सगळं बांधलं. आणि तपासणीत अडकलं काय? अडकित्ता! भाऊजींची पानसुपारीची चंची खिशात, त्यात वडिलांचा पितळी अडकित्ता. तपासणीवाला म्हणतो, हे विमानात चालणार नाही. भाऊजींचा चेहरा असा उतरला की विचारू नका. मोर्चात पोलिसांना घाबरले नाहीत, पण तिथं हात जोडले. शेवटी सोडायला आलेल्या पुतण्याला परत बोलावलं आणि अडकित्ता त्याच्या हवाली केला, तेव्हा कुठं पुढं गेले. वर गेल्यावर खिडकीतून बघत होते म्हणे, कुमठे कुठं, कारखाना कुठं. त्या हवाई सुंदरीलाच विचारलं. ती बिचारी म्हणाली, "सर, सीट बेल्ट."

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मला कुणी सांगितलं? जाऊबाई? छे, त्यांनी तर शपथ घातलीय सगळ्यांना. अहो, शेजारच्या खुर्चीत कोण होतं ठाऊक आहे? ते चाटीगल्लीतले कापडवाले शेठ! पूनम गेटला पहिल्या दिवशी हार घालून उपोषणाला बसलेले, तेच. मोर्चाच्या वेळी ह्या दोघांची रस्त्यात तू तू मैं मैं झाली होती, पोलिसांनी सोडवलं होतं. आणि नशीब बघा, खुर्चीला खुर्ची लागून. त्यांच्या मिसेस मला परवा रूपाभवानीच्या देवळात भेटल्या, त्यांनी सगळं सांगितलं. पहिली पंधरा मिनिटं दोघं सरळ समोर बघत बसले. मग विमान ढगात जरा हललं, तशी भाऊजींनी चंची काढली, सुपारीचं खांड पुढं केलं आणि म्हणाले, "अडकित्ता काढून घेतला हो, नाहीतर कातरून दिली असती."

शेठ म्हणाले, "माझी नेलकटरसुद्धा काढून घेतली."

तिथून जे सुरू झालं ते उतरेपर्यंत. उसाचा दर, सुताचा दर, पोरं पुण्याला जातात ती परत येत नाहीत, सगळं सगळं. उतरताना नंबर घेतले एकमेकांचे. आता रोज सकाळी गुड मॉर्निंग पाठवतात, फुलांचे फोटो घालून! आमच्या ह्यांना तर सख्ख्या भावानं दिवाळीलासुद्धा मेसेज केला नव्हता. हे ऐकल्यापासून यांचं तोंड फुगलंय, मी कितीदा सांगितलं की तुम्हीच आधी फोन करा, तर नाही.

आणि पुढचं ऐका. ह्या दोघांनी मिळून एक निवेदन तयार केलंय, मंत्रालयात द्यायला. एकाची सभासद शेतकरी म्हणून सही, दुसऱ्याची व्यापारी म्हणून. मागणी काय, तर विमानाचं तिकीट कमी करा, सामान्य माणसाला परवडत नाही. पुढच्या आठवड्यात निघालेत मुंबईला. मी शेठच्या मिसेसना विचारलं, मग कितीच्या विमानानं?

त्या म्हणाल्या, "कशाचं विमान? सिद्धेश्वर एक्सप्रेसनं. रिझर्वेशन झालंय, दोघांनाही खालचाच बर्थ पाहिजे म्हणून आत्तापासून वाजलंय."